गढवालमध्ये जिऑलॉजीत एम.एस्सी. करायला जाताय तर...

दरवर्षी सीयूईटी-पीजीचा (सेंट्रल युनिव्हर्सिट्यांच्या एम.ए., एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) निकाल लागला की आपल्याकडची दोन-चार पोरं विचारतात, ताई, गढवाल युनिव्हर्सिटी कशी आहे, जाऊ का एवढ्या लांब? मी तिथे जिऑलॉजीत, म्हणजे भूविज्ञानात, एम.एस्सी. केलंय, त्यामुळे जे माहितीये ते सगळं एकदाच लिहून काढते. माझं मत आधीच सांगते. पहाडातली युनिव्हर्सिटी निवडायची असेल तर तुमच्या विषयाला तो पहाड लागतो का एवढंच बघा. जिऑलॉजी, बॉटनी, फॉरेस्ट्री, हॉर्टिकल्चर, भूगोल, एन्व्हायर्नमेंट असलं काही असेल तर डोळे झाकून जा. पण फक्त हवा थंड आणि डोंगर छान म्हणून जायचं असेल तर त्यापेक्षा सुट्टीत फिरून या, कारण दोन वर्षं तिथे राहणं ही वेगळी गोष्ट आहे.

युनिव्हर्सिटी श्रीनगरला आहे. हे श्रीनगर म्हणजे काश्मीरचं नाही, उत्तराखंडातलं, पौडी जिल्ह्यातलं, अलकनंदेच्या काठचं. युनिव्हर्सिटीचं पूर्ण नाव हेमवती नंदन बहुगुणा गढवाल विश्वविद्यालय. १९७३ मध्ये स्थापना, २००९ पासून सेंट्रल युनिव्हर्सिटी. श्रीनगरात बिर्ला कॅम्पस, नदीपलीकडे चौरास कॅम्पस (तो टिहरी जिल्ह्यात येतो, पूल ओलांडला की जिल्हा बदलतो), शिवाय पौडीला एक आणि टिहरीकडे बादशाहीथौलला एक. आता इथे बरेच जण गोंधळतात. बादशाहीथौललाच श्रीदेव सुमन उत्तराखंड विश्वविद्यालय पण आहे, ती राज्याची युनिव्हर्सिटी, पहाडातली बरीचशी सरकारी कॉलेजं तिच्याकडे आहेत. फॉर्म भरताना युनिव्हर्सिटी कुठली, कॅम्पस कुठला, हे दोनदा वाचा. पौडी डोंगरमाथ्यावर आहे, तिथून चौखंबा शिखर समोर दिसतं आणि थंडीत कधीकधी बर्फ पडतो. श्रीनगर मात्र खोऱ्यात आहे, उंची जवळपास पुण्याइतकीच, साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे मे-जूनमध्ये घाम निघतो आणि कूलर लागतो. हे ऐकून आपल्याकडच्यांना पटत नाही पण खरंय. जानेवारीत उलट, खोऱ्यात ऊन उशिरा उतरतं आणि सकाळच्या लेक्चरला बोटं आखडतात.

ही युनिव्हर्सिटी सरकारने आपणहून दिलेली नाही हेही माहिती असू द्या. त्याआधी इथली कॉलेजं आग्रा, मेरठच्या युनिव्हर्सिट्यांना जोडलेली होती, म्हणजे पहाडातल्या पोराचा कागद सगळा खाली मैदानात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लोक रस्त्यावर उतरले, त्यात केरळातून येऊन इथलेच झालेले स्वामी मन्मथन पुढे होते, आणि मग १९७३ मध्ये गढवालला आणि कुमाऊँला अशा दोन युनिव्हर्सिट्या एकदम मिळाल्या. तुमच्या वर्गात अशा मुली असतील ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारी ती पहिलीच. चमोली, रुद्रप्रयागच्या गावातून येऊन एका खोलीत तिघी-तिघी राहतात, सुट्टीत गवत कापायला आणि शेतीला परत जातात. २०११ च्या जनगणनेत पौडी आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्यापेक्षा कमी झालेली निघाली, इतकं पलायन, म्हणजे गाव सोडून जाणं, आहे. त्यामुळे ही युनिव्हर्सिटी तिथल्या लोकांसाठी आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत हे लक्षात ठेवून वागा.

आता विषयाचं बोलते, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

आपण महाराष्ट्रात जिऑलॉजी शिकतो म्हणजे बेसॉल्ट. कुठेही जा, काळा कातळ, आडवे थर, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. सुंदरच आहे, पण वाकलेला, मोडलेला, एकावर एक चढलेला खडक पुस्तकातच बघायचा. श्रीनगरात उतरलात की नॉर्थ अल्मोडा थ्रस्ट (एक खडक दुसऱ्यावर सरकून चढलाय ती भेग) शहराजवळूनच जातो, दक्षिणेला पौडीच्या बाजूला फिलाइट, म्हणजे पापुद्र्यांचा खडक, उत्तरेला क्वार्टझाइट, म्हणजे वाळूच्या खडकापासून झालेला कडक खडक. पौडीच्या रस्त्याला एखाद्या कटिंगपाशी थांबा, फिलाइटचा तुकडा हातात घ्या, उन्हात धरला की रेशमासारखी चमक येते आणि नखाने पापुद्रा सुटतो. पावसाळ्यात हाच खडक रस्त्यावर का येतो ते मग कोणी शिकवावं लागत नाही. आमच्या सरांनी पहिल्याच फील्डला सांगितलं होतं की डिप-स्ट्राइक, म्हणजे थरांचा उतार आणि दिशा, मोजण्याआधी बघा, पापुद्र्यांचा उतार रस्त्याकडे आहे का डोंगराच्या आत. रस्त्याकडे असेल तर तिथे उभं राहून डबा खायचा नाही. मी आजही कुठल्याही घाटात गाडी थांबली की आधी तेच बघते.

आणि नुसता खडक नाही. शहर बसलंय ते नदीच्या जुन्या टेरेसवर, म्हणजे नदीने मागे ठेवलेल्या सपाट पट्ट्यांवर, एकावर एक पायऱ्या, चौरासला गेलात की नीट दिसतात, गोल गोटे आणि वाळूचे थर. जुनं श्रीनगर १८९४ च्या पुरात वाहून गेलं. बिरही नदीत १८९३ मध्ये दरड पडून तलाव झाला होता, गोहना ताल, तो पुढच्या ऑगस्टमध्ये फुटला. पण इंग्रज अधिकाऱ्यांनी तलावावर पहारा ठेवून खाली तारेची लाइन टाकलेली, लोक आधीच वर हलवले होते, म्हणून शहर गेलं पण माणसं वाचली, मेली ती फक्त तलावाजवळून हटायला तयार नसलेल्या एका साधूच्या कुटुंबातली पाच. मग २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथचं जे झालं त्याच पुरात श्रीनगरच्या खालच्या भागातल्या इमारती गाळाने भरल्या. तुम्ही डिझर्टेशनला, म्हणजे शेवटच्या प्रबंधाला, पूर, दरडी, टेरेस काहीही घ्या, कॅम्पसमधून चालत जाता येतं अशा अंतरावर साइट आहे. अशी सोय दुसरीकडे सहसा नाही.

बरं, हे शिकून आपल्याकडे काय उपयोग असं आईबाबा विचारतील. त्यांना दरडीखाली गेलेली आपली गावं सांगा. माळीण, २०१४. तळिये २०२१. इर्शाळवाडी २०२३. आपला खडक वेगळा, आपल्याकडे बेसॉल्टवरची जाड माती आणि सडलेला थर पाणी पिऊन सुटतो, पण उतार वाचायची सवय तिकडे जशी लागते तशी वर्गात बसून नाही लागत. सह्याद्रीत हे काम करणारी माणसं हवी आहेत, मनापासून सांगते.

नोकरीचं म्हणाल तर जीएसआयसाठी (जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्याची तयारी पहिल्या सेमिस्टरपासून धरा, आणि गेट पण द्या. शिवाय ऋषिकेश-कर्णप्रयाग रेल्वे लाइन, साधारण सव्वाशे किलोमीटर, त्यातला बहुतेक भाग बोगद्यातून जातो, एकटा देवप्रयाग-जनासू बोगदा साडेचौदा किलोमीटरचा. बोगद्यात रोजच्या रोज फेस मॅपिंग लागतं, खोदून पुढे आलेला खडक कसा आहे ते नोंदवायचं, आणि ते काम जिऑलॉजिस्टचंच. सीनियर्सशी ओळख ठेवा, असल्या कामांची खबर आधी त्यांच्याकडूनच येते. पीएच.डी. करायची असेल तर डेहराडूनची वाडिया इन्स्टिट्यूट ऑफ हिमालयन जिऑलॉजी डोक्यात ठेवा.

बॉटनीवाल्यांसाठी थोडक्यात: श्रीनगरातच युनिव्हर्सिटीचं हॅप्रेक आहे, उंचावरच्या वनस्पतींवर काम करणारं केंद्र, तुंगनाथला त्यांचं अल्पाइन स्टेशन आहे. कुटकी, अतीस, जटामांसी असल्या जंगलातून ओरबाडल्या जाणाऱ्या औषधी वनस्पती शेतात कशा लावता येतील यावर काम चालतं. फॉरेस्ट्रीसाठी रानीचौरी, हॉर्टिकल्चरसाठी भरसार किंवा हिमाचलातलं नौणी बघा. कुमाऊँकडे नैनीताल, आणि अल्मोड्याची सोबन सिंह जीना युनिव्हर्सिटी २०२० मध्ये वेगळी झालीये.

आता कागदपत्रं, इथे आपल्या पोरांचं सगळ्यात जास्त अडतं. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमी लेयर सर्टिफिकेट केंद्र सरकारच्या फॉरमॅटमध्ये लागतं, कॉलेजच्या अॅडमिशनला आपण काढतो ते राज्याचं चालत नाही. एसईबीसी आरक्षण सेंट्रल युनिव्हर्सिटीत लागू नाही, त्यामुळे त्या मुलांनी ईडब्ल्यूएसमध्ये बसतं का ते तहसीलमध्ये विचारा, तेही केंद्राच्याच नमुन्यात. आपल्या युनिव्हर्सिटीचं मायग्रेशन सर्टिफिकेट घरून निघण्याआधीच काढायचं, तिकडे बसून पोस्टाने मागवत राहणं फार त्रासाचं आहे. कौन्सेलिंगच्या फेऱ्यांनंतर जागा उरल्या तर नंतर पण नोटीस निघते, म्हणून पहिल्या यादीत नाव नाही म्हणून लगेच सोडून देऊ नका, वेबसाइट बघत राहा.

जायचं कसं? मुंबईहून हरिद्वारपर्यंत थेट ट्रेन आहेत. पुढे ऋषिकेशहून बस किंवा शेअर जीप, अंतर शंभर-एकशे दहा किलोमीटर, गाडी लागत असेल तर गोळी घ्याच. सगळा हिशोब सकाळचा करा, दिवस मावळला की पहाडात गाडी मिळत नाही, ट्रेन दुपारी पोचत असेल तर रात्र ऋषिकेशला काढा. मे-जूनमध्ये चारधामची गर्दी असते, जॅम लागतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मलबा, म्हणजे दरडीचा दगड-माती, येऊन रस्ता बंद होतो. श्रीनगरच्या पुढे सिरोबगड तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. परीक्षेच्या किंवा परतीच्या तिकिटाच्या आधी दोन दिवस हातात ठेवा. कोणावर चिडून उपयोग नसतो, जेसीबीवाला तिकडे जीव धोक्यात घालून दगड काढत असतो.

खोली घेताना घरमालक काय बोलतो त्याआधी जागा बघा. गदेरा म्हणजे ओढा, पहाडातला, उन्हाळ्यात कोरडा असतो आणि एका रात्रीत गाडीएवढे दगड आणतो. गदेऱ्याच्या तोंडाशी खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. मागे पुश्ता असेल, म्हणजे उतार धरून ठेवणारी भिंत, तर तिला फुगवटा किंवा तडा आहे का आणि पाणी निघायला भोकं ठेवलीत का ते बघा. पाणी किती वाजता येतं ते शेजाऱ्यांना विचारा, मालकाला नको. आणि अंधार पडल्यावर एकट्याने पायवाटेने जायचं नाही, गुलदार असतो, म्हणजे बिबट्या. तिथल्या बायका हे सांगतात ते घाबरवायला सांगत नाहीत, त्यांनी वाड्यावरून गुरं गेलेली बघितलेली असतात.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका. मेसमध्ये राजमा-भात आणि रोटी, पण मैत्रिणींच्या घरी गेलात तर मंडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी आणि गहतची डाळ म्हणजे आपले कुळीथ. कोकणातल्या पोरांना तर घरचंच वाटेल. फाणू आणि चैंसू ही तिकडची डाळींची कालवणं मिळाली तर सोडू नका. भाषेचंही तसंच, हिंदीवर सगळं भागतं पण फील्डवर गावात गेलात की दोन शब्द गढवाली बोला, बायकांना दीदी म्हणा, त्या तुम्हाला भुला-भुली म्हणतील, म्हणजे लहान भाऊ-बहीण. आमच्या मॅपिंगला एका दीदीने डोक्यावर गवताचा भारा असताना थांबून सांगितलं होतं की वरच्या शेतात मागच्या पावसापासून भेग पडलीये, चल दाखवते. ती भेग आमच्या नकाशात नव्हती, टोपोशीटवर, म्हणजे सरकारी नकाशावर, असायचा प्रश्नच नाही. म्हणून सांगते, फील्डला हॅमर, कंपास, लेन्स घ्यालच, पण गावात शिरलात की आधी कोणाच्या तरी ओट्यावर पाच मिनिटं बसा, पाणी प्या, कशासाठी आलोय ते नीट सांगा आणि शेतातून जायच्या आधी विचारा. दगड फोडणारी शहरातली मुलं बघून लोकांना वाटतं आता इथेही धरण किंवा बोगदा येणार, आणि त्यांची ती भीती खरी आहे, तिचं उत्तर आपल्यालाच द्यायचं असतं.