गावातल्या वीरगळांची नोंद कशी करावी

मारुतीच्या पाराजवळ, पांदीच्या कडेला, तळ्याच्या बांधावर किंवा शाळेच्या कुंपणाला टेकून कोरीव दगड उभे असतात. कुठे त्यांना 'वीर' म्हणून नारळ फुटतो, कुठे त्यांच्यावर कपडे धुतले जातात. यातले बहुतेक वीरगळ असतात, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचे दगड, काही सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीचे, आणि क्वचित एखादा गधेगळ, म्हणजे गाढवाचं चित्र कोरलेला शापाचा दगड. गावातल्या तरुणांनी मनावर घेतलं की पहिला बेत ठरतो तो 'दगड घासून चकाचक करू' असा. शेकडो पावसाळ्यांनी जेवढं झिजवलं नाही तेवढं एका रविवारी तारेच्या ब्रशने झिजतं. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी नोंद, मग सफाई, मग वाचन. दगड जागेवरून हलवणं या क्रमात येतच नाही.

गावफेरी

दिवाळीनंतर गवत वाळलं की होळीपर्यंतचा काळ चांगला. पावसाळ्यात शेवाळाखाली कोरीवकाम दिसत नाही आणि बांधांवर सापांचं भय असतं. चार-पाच जण पुरे. जास्त माणसं झाली की कोणीतरी उत्साहाने दगड उपटायला लागतो.

निघण्याआधी सरपंच, पोलीस पाटील आणि देवळाचा गुरव यांना सांगा. जो दगड आपल्याला वीरगळ दिसतो तो एखाद्या भावकीचा देव असतो, त्याला न विचारता हात लावणं चूकच. जुन्या माणसांना 'इथे शिलालेख आहे का' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. 'घोड्यावरचा माणूस कोरलेला दगड कुठे आहे?', 'गाढवाचा दगड कुठल्या रानात?' असं विचारा. शेतांची नावंही बोलतात: वीराचं रान, सतीचा माळ, वेताळाची पट्टी. तलाठ्याकडचा गाव नकाशा सोबत घ्या, म्हणजे गट नंबर जागेवरच लिहिता येतो.

सामान थोडंच लागतं: 5 मीटरची मोजपट्टी, सेंटिमीटरच्या खुणा केलेली जाड कागदाची पट्टी, रंगकामाचा मऊ केसांचा ब्रश, बांबूच्या काड्या, पाण्याची फवाऱ्याची बाटली, चांगल्या प्रकाशाची बॅटरी, मोबाईल आणि वही. खडू, रांगोळी आणि पीठ घरी ठेवा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत पीठ भरण्याची पद्धत अजून चालते. पिठाला मुंग्या लागतात, बुरशी धरते. आणि खडूने गिरवलेलं अक्षर हे गिरवणाऱ्याला वाटलेलं अक्षर असतं, पुढचा प्रत्येक वाचणारा तीच चूक वाचतो.

प्रत्येक दगडाचं एक पान

एका दगडाला एक क्रमांक आणि वहीत एक पान द्या. त्यावर गाव, वाडी, गट नंबर, मोबाईलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे, जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी, दगडाचा प्रकार (देशावर बहुधा काळा बेसाल्ट, कोकणात जांभाही), किती कप्पे (कोरीव चित्रांचे एकावर एक आडवे भाग), प्रत्येक कप्प्यात काय, कुठे तडा किंवा टवका गेला आहे, गावातलं नाव, पूजा होते का आणि कधी, हे सगळं यावं. मापं सेंटिमीटरमध्येच घ्या. एकाने फुटात आणि दुसऱ्याने मीटरमध्ये लिहिलं की महिन्याभराने कोणालाच मेळ लागत नाही.

दिशा आणि जागा आवर्जून लिहा. वेशीकडे तोंड केलेली वीरगळांची रांग जुनी वेस कुठे होती ते सांगू शकते. तेच दगड उचलून देवळापुढे ओळीने सिमेंटमध्ये बसवले की शोभा वाढते, पण ती माहिती कायमची जाते.

मग फोटो. सफाईच्या आधी निदान चार: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि आजूबाजूच्या परिसरासह. मोबाईल दगडाच्या मध्याच्या उंचीवर सरळ धरा, मापाची पट्टी दगडाशेजारी उभी ठेवा. वरून वाकून काढलेल्या फोटोत खालचा कप्पा आक्रसतो आणि नंतर मोजमाप जुळत नाही.

सफाई

कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झाडा. खाचांत बसलेली माती बांबूच्या काडीने काढा. खिळा, स्क्रू ड्रायव्हर किंवा चाकू नको. मग साध्या पाण्याचा फवारा मारून 10-15 मिनिटं मुरू द्या, मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा, पुन्हा पाणी. साबण, फरशीचं ॲसिड, ब्लीचिंग पावडर आणि गाड्या धुण्याचा प्रेशर पंप यांतलं काहीही वापरू नका. ॲसिडने दगड क्षणभर उजळतो आणि त्याची वरची कातडी सुटायला लागते.

राखाडी-हिरव्या दगडफुलाचे चट्टे खरवडू नका. ते दगडात रुजलेले असतात, ओढले की दगडाचा थर घेऊन निघतात. हाताच्या पेरांनी हलकेच टकटक केल्यावर एखाद्या ठिकाणी पोकळ आवाज आला तर तिथे पाणीसुद्धा मारू नका. पापुद्रा सुटलेला आहे. बुडाजवळचं गवत कापा, उपटू नका, आणि 'खाली अजून काही कोरलंय का' म्हणून खणू तर अजिबात नका. शेंदराची पुटं तशीच राहू द्या. त्यात बहुतेकदा शिसं असतं, खरवडताना धूळ नाकातोंडात जाते, शिवाय तो लोकांच्या श्रद्धेचा भाग आहे. ते काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांचं.

तिरप्या उजेडात वाचन

दुपारच्या उन्हात सपाट वाटणारा दगड रात्री बॅटरीपुढे बोलायला लागतो. अंधार पडल्यावर मोबाईल स्टँडवर स्थिर ठेवा आणि बॅटरी दगडाच्या कडेला, पृष्ठभागाशी जेमतेम 10-15 अंशांचा कोन करून धरा. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि कोपऱ्यांतून असे आठ फोटो घ्या. एका बाजूच्या उजेडात जी रेघ तडा वाटते तीच दुसऱ्या बाजूने अक्षराची वेलांटी निघते.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली पडलेला वीर, बहुधा सोबत गाई असतात. म्हणजे गोधन सोडवताना आलेलं मरण. त्यावर लढाई, मग त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर कीर्ती राहो. सगळीकडे हाच साचा असेल असं नाही. मुंबईत बोरीवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रातली लढाई आहे. म्हणून 'लढाईचा प्रसंग' एवढं लिहून थांबू नका. किती माणसं, हातात काय, घोडा की पायदळ, केसांची ठेवण कशी, हे दिसेल तसं लिहा. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. खालच्या बाजूला गाढव आणि स्त्री असेल तर गधेगळ: दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी. त्यावर लेख असू शकतो, तेव्हा मधला भाग नीट तपासा. अलिबागजवळच्या अक्षीचा प्रसिद्ध मराठी लेख असाच गधेगळावर आहे.

बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. अशा वेळी काळाचा रकाना मोकळा सोडा. दिसेल तो वीरगळ शिवकाळात नेऊन बसवण्याची घाई होते, पण यातले कित्येक शिलाहार-यादवांच्या काळातले आहेत.

शक वाचता आला तर त्यात 78 मिळवा, म्हणजे इसवी सन येतो. तिथी साधारण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर 79. संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं नाव दिलं असेल तर ताळा करता येतो: शकात 12 मिळवून 60 ने भागा, बाकी म्हणजे पहिल्या प्रभवापासूनचा क्रमांक, आणि बाकी शून्य आली तर शेवटचा क्षय. शके 1596 घ्या. 1608 ला 60 ने भागून बाकी 48, अठ्ठेचाळिसावा आनंद. रायगडावर जगदीश्वराच्या लेखात आनंद संवत्सरच आहे, आणि तिथे शक आकड्यांत न देता शब्दांत दिला आहे: षण्, नव, बाण, भूमि, म्हणजे 6, 9, 5, 1. हे उजवीकडून डावीकडे वाचायचं, 1596. ताळ्यात एकाचा फरक आला तर लगेच वाचन चुकलं म्हणू नका, लेखात सरलेल्या (पूर्ण झालेल्या) वर्षांच्या शकाऐवजी चालू वर्षाचा शक दिलेला असू शकतो. फरक वहीत लिहून ठेवा आणि फोटो जाणकाराला दाखवा.

नोंद झाल्यावर

पानांच्या तीन प्रती करा: एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात. ग्रामसभेत 'हे दगड कोणी हलवणार नाही, रंगवणार नाही' असा ठराव घ्या आणि त्यात दगडांचे क्रमांक घाला. मोघम ठराव रस्त्याच्या ठेकेदारापुढे टिकत नाही. लहान, सहज उचलता येतील अशा मूर्तींचे अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर टाकू नका, चोरही ते वाचतात. नांगरताना किंवा पाया खणताना काही सापडलं तर काम थांबवून तहसीलदारांना कळवा.

रस्तारुंदीत दगड हलवणं टळतच नसेल, तर खात्याचा माणूस हजर असल्याशिवाय हात घालू नका. 120 सेंटिमीटर उंच, 45 रुंद आणि 20 जाड बेसाल्टचा दगड जवळपास 300 किलो भरतो, आणि जमिनीतला भाग वेगळाच. दोर थेट कोरीवकामावरून गेला तर कडा तुटतात. मध्ये गोणपाटाच्या घड्या घाला. नव्या जागी पाया सिमेंटचा नको. सिमेंट ओल धरतं, त्यातले क्षार दगडात चढतात आणि चार-पाच पावसाळ्यांत खालच्या कप्प्याचे पापुद्रे निघायला लागतात. खड्ड्यात खडी घालून दगड उभा करा, भोवती माती ठोका, पाणी बाहेर वाहील असा उतार द्या. मूळ जागेवर क्रमांक लिहिलेला खुणेचा साधा दगड पुरून ठेवा.