एकाच हीटसिंकवर एलएम 317 आणि एलएम 337 : बसवण्याआधीची तयारी

घरी अॅम्प्लिफायर बांधताना प्रीअॅम्प आणि टोन कंट्रोलसाठी अधिक-उणे 15 व्होल्टचा सप्लाय लागतो. बहुतेक जण 18-0-18 चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, दोन मोठे फिल्टर कपॅसिटर आणि पुढे अधिक बाजूला एलएम 317 व उणे बाजूला एलएम 337 हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर आयसी अशी जोडणी करतात. दोन्ही रेग्युलेटर एकाच हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर, बसवायचे असतील तर सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी पुढची तयारी पूर्ण करा.

सगळ्यात आधी कोणाच्या पाठीवर किती व्होल्ट आहेत ते कागदावर लिहून काढा. टीओ-220 आकाराच्या या दोन्ही आयसींची धातूची पाठ मधल्या पायाला जोडलेली असते, पण मधला पाय दोघांचा वेगळा आहे. 317 मध्ये तो आउटपुट, म्हणजे पाठीवर अधिक 15. 337 मध्ये तो इनपुट, म्हणजे पाठीवर फिल्टर कपॅसिटरवरचे उणे 24 च्या आसपास. दोन्ही उघडे, म्हणजे मध्ये इन्सुलेशन न घालता, बसवले तर हीटसिंकमधून 39 व्होल्टचा थेट शॉर्ट होतो. त्यांच्याऐवजी 7815 आणि 7915 हे ठरावीक अधिक आणि उणे 15 व्होल्टचे रेग्युलेटर वापरणार असाल तर 7815 ची पाठ ग्राउंड असते, म्हणून तो तसाच बसवायचा मोह होतो. तोही इन्सुलेट करा. नाहीतर ग्राउंड नको त्या जागी चासीला, म्हणजे धातूच्या पेटीला, टेकतो आणि मग स्पीकरमधला हम (घूं असा आवाज) शोधण्यात रविवार जातो. 7915 ची पाठ मात्र इनपुट आहे, तिथे सवलत नाहीच.

आता मुद्द्याची गोष्ट. इन्सुलेशन आयसी आणि हीटसिंक यांच्यामध्ये हवे. हीटसिंक आणि चासी यांच्यामध्ये नव्हे. आयसी उघडा बसवून अख्खा हीटसिंकच प्लास्टिकच्या स्पेसरवर उचलून ठेवलेला मी बऱ्याच सेटमध्ये पाहिला आहे. उष्णता त्यात जरा बरी जाते हे खरे. पण हीटसिंक लाइव्ह राहतो, आणि एखादा पडलेला स्क्रू किंवा मीटरचा निसटलेला प्रोब तेवढ्यानेच सप्लाय उडवतो. शिवाय 230 व्होल्टची वायर सुटून त्या अधांतरी धातूला लागली तर फ्यूज उडेलच असे नाही, आणि पुढचा हात तुमचा किंवा घरातल्या कोणाचा असेल. हीटसिंक अर्थ झालेलाच हवा, यात तडजोड नको.

सामान लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत मिळते. टीओ-220 चे अभ्रक, म्हणजे दुकानात मागायचे ते मायका वॉशर, चार घ्या. दोन हाताळतानाच जातात. प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरून तडा किंवा टाचणीएवढे भोक नाही ना ते बघा. सोबत बोल्ट आयसीच्या पाठीला टेकू न देणारे प्लास्टिकचे बुश, 3 एमएमचे स्टीलचे बोल्ट, स्प्रिंग वॉशर आणि हीटसिंक कंपाऊंडची (उष्णता पुढे नेणाऱ्या पेस्टची) छोटी डबी. नायलॉनचे बोल्ट नकोत, उष्णतेने ते ताणतात आणि पकड सुटते. मायकाऐवजी सिलिकॉन पॅड घेतलेत तर कंपाऊंड लावू नका, आणि एकदा दाबलेला पॅड पुन्हा वापरू नका. जुन्या सेटमधून निघालेल्या पांढऱ्या सिरॅमिक चकत्या बेरिलियम ऑक्साइडच्या असू शकतात. त्यांची पूड श्वासातून गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होते, म्हणून त्या घासू नका, तोडू नका, वापरूच नका.

भोक पाडल्यावर त्याच्या कडेला अॅल्युमिनियमची बारीक बर, म्हणजे धारदार कड, उभी राहते. इन्सुलेशन फाटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. मोठे ड्रिल बिट नुसत्या हातात धरून भोकाच्या तोंडावर दोन-तीनदा फिरवा, मग बोट फिरवून बघा; काहीही टोचता कामा नये. बारीक पॉलिश पेपर मारा आणि कापडाने किस पुसून घ्या. बुशची दांडीही तपासा. पाठीचा पत्रा साधारण 1.3 एमएम जाड असतो; दांडी त्याहून लांब असली तर ती आधी हीटसिंकला टेकते आणि आयसी दाबलाच जात नाही. ब्लेडने कापून बेताची करा.

कंपाऊंड मायकाच्या दोन्ही बाजूंना, आरपार दिसेल इतके पातळ. बोल्ट आवळताना जोर लावू नका, फार आवळला की पाठीचे दुसरे टोक उचलले जाते. मायकामुळे दोन-चार अंश तापमान वाढेल. 9 व्होल्टचा फरक आणि 0.3 अँपिअर म्हणजे एका आयसीला 2.7 वॅट, तेवढ्याने काही बिघडत नाही.

एक आयसी बसवला की लगेच मीटर, मगच दुसरा. रेंज 20 मेगाओहम. काळ्या अॅनोडाइज्ड हीटसिंकवर नुसता प्रोब टेकवला तर शॉर्ट असूनही मीटर काही दाखवत नाही, कारण तो थर स्वतः वीजरोधक असतो. पण एका ओरखड्याने जाणारा हा थर इन्सुलेशन म्हणून धरायचा नाही. कोपऱ्यात चाकूने चमकता धातू दिसेपर्यंत खरवडा आणि एक प्रोब तिथे, दुसरा आयसीच्या पाठीला लावा. मीटर ‘ओएल’वरून, म्हणजे रेंजच्या बाहेर या खुणेवरून, हलता कामा नये. त्याच जागी रिंग टॅग आणि स्टार वॉशर लावून अर्थची वायर चासीच्या अर्थ बोल्टला न्या. तीन पिनच्या प्लगच्या अर्थपासून हीटसिंकपर्यंत एक ओहमपेक्षा कमीच यायला हवे.

वायरिंग झाले की पायांवर स्लीव्ह, आणि प्रत्येक फिल्टर कपॅसिटरवर 2.2 किलोओहम, 1 वॅटचा रेझिस्टर, म्हणजे बंद केल्यावर चार्ज उतरेल. पहिला सप्लाय 60 वॅटच्या पिवळ्या, फिलामेंटच्या बल्बच्या सिरीजमधून द्या. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. अर्धा तास लोडवर चालवून प्लग काढा आणि कपॅसिटरवर शून्य आल्याची मीटरने खात्री करा. गार झाल्यावर बोल्ट सैल झालेत का बघा आणि सर्किटचा ग्राउंड चासीला जोडण्याआधी मेगाओहमचे माप पुन्हा एकदा घ्या.