जुनाट वेदनेसाठी विजया घेण्यापूर्वी आणि घेताना: मुंबईतील रुग्णांसाठी मार्गदर्शन

कंबरेचे, गुडघ्यांचे किंवा नसांचे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट वेदना मानते, आणि अशा दुखण्याने जेरीस आलेल्या माणसाला हल्ली कोणी ना कोणी गांजाच्या तेलाचा सल्ला देतोच. सल्ला देणारा बहुधा परदेशातले ऐकून बोलत असतो. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याने गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस, म्हणजे त्याची राळ, यांवर बंदी घातली. पाने आणि बिया मात्र, सोबत शेंडे नसतील तर, गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या. पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधे ‘विजया’ या नावाने परवानाधारक कंपन्या बनवतात आणि ती वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात. मुंबईतील रुग्णासाठी कायदेशीर वाट एवढीच आहे. दुखण्याचे कारण सांगून जवळ बाळगलेला थोडासा गांजाही गुन्हाच ठरतो, आणि राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू असल्याने गल्लीत मिळणारी भांगेची गोळी हा औषधाचा स्वस्त पर्याय समजू नये. तिच्यात काय आणि किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अपेक्षा आधीच आटोक्यात ठेवाव्यात. या विषयावरील पुराव्यांबाबत तज्ज्ञांचे एकमत नाही: अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी 2017 मध्ये प्रौढांच्या जुनाट वेदनेवर उपयोग होत असल्याचा भरीव पुरावा असल्याचे म्हटले, तर वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये पुरावा अपुरा असल्याने सरसकट वापराला पाठिंबा दिला नाही. हे अभ्यासही मुख्यतः परदेशी औषधांवरचे असल्यामुळे आपल्या बाजारातील प्रत्येक बाटलीला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. माझ्या मते विजयेचा विचार नेहमीची औषधे, व्यायाम आणि फिजिओथेरपी नीट करून झाल्यावरच, आणि तोही त्यांना जोड म्हणून व्हावा.

पहिली भेट दुखण्याचे निदान केलेल्या डॉक्टरांची घ्यावी. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत वेदनाउपचाराची सोय असते; कर्करुग्णांना परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात वेदनाशमन विभाग आहे. विजया लिहून देणारे वैद्य नोंदणीकृत असावेत, आणि वरळीचे पोदार आयुर्वेद रुग्णालय अशा सल्ल्यासाठी सुरुवात करण्याजोगे ठिकाण आहे. संकेतस्थळावरून दोन मिनिटांत चिठ्ठी मिळत असेल आणि फोनवरील व्यक्ती तुम्ही सध्या कोणती औषधे घेता हेही विचारत नसेल, तर त्याला तपासणी म्हणता येणार नाही. स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला मनोविकाराचा झटका येऊन गेला असेल, हृदयविकार असेल, गर्भारपण किंवा स्तनपान चालू असेल, तर ते आपण होऊन सांगावे. अशा स्थितीत हे औषध सहसा टाळले जाते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन, अपस्माराचे क्लोबाझाम, झोपेच्या गोळ्या आणि नसांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे प्रेगाबालिन यांची नावे तर कागदावरच लिहून न्यावीत, कारण पहिल्या दोहोंचा अंमल विजयेमुळे वाढू शकतो आणि उरलेल्यांसोबत गुंगी दुणावते.

सर्वाधिक गफलत बाटलीवरील आकड्यात होते. 30 मिलीच्या बाटलीवर ‘1500 मिग्रॅ’ असे लिहिलेले असते, पण तो आकडा बहुधा विजयेच्या अर्काचे वजन सांगतो; त्यातील नशा आणणारे टीएचसी आणि तशी नशा न आणणारे सीबीडी किती, हे प्रयोगशाळेच्या विश्लेषण-पत्रावरूनच कळते. समजा, त्या पत्रात अर्कातील टीएचसी निम्मे दाखवले आहे. म्हणजे बाटलीत 750 मिग्रॅ, एका मिलीत 25 मिग्रॅ आणि ड्रॉपरच्या अर्ध्या मिलीत साडेबारा मिग्रॅ टीएचसी आले. वैद्यकीय साहित्यात नवख्या रुग्णाची सुरुवात साधारण अडीच मिग्रॅने करण्याचा प्रघात असल्यामुळे हा अर्धा ड्रॉपर त्याच्या पाचपट भरतो. थेंब मोजण्यावरही विसंबू नये. ड्रॉपर बदलला की थेंबाचा आकार बदलतो, म्हणून मिलीच्या खुणा असलेली सिरिंज वापरावी. विश्लेषण-पत्र मागूनही मिळत नसेल तर ते औषध घेऊ नये. लेबलवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना आहे का, हेही पाहावे.

मात्रा वैद्यांनी ठरवावी आणि रुग्णाने ती पाळावी, यात सर्वांत कठीण जातो तो धीर. तोंडाने घेतलेल्या औषधाचा अंमल सुरू व्हायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास किंवा त्याहूनही अधिक टिकतो. तासाभरात काही जाणवले नाही म्हणून पुन्हा घेणारे रुग्णच बहुतेक वेळा गोत्यात येतात. पहिली मात्रा रात्री, घरात कोणी सोबत असताना घ्यावी, आणि वाढवायचीच असेल तर काही दिवसांच्या अंतराने थोडीथोडी वाढवावी. ज्येष्ठांनी रात्री उठताना आधी काही क्षण पलंगाच्या कडेवर बसावे, कारण रक्तदाब उतरून तोल जातो. गांजा ओढण्याचा मार्ग फुप्फुसांसाठी वाईट आणि इथे बेकायदाही आहे.

औषध सुरू करण्याआधी आठवडाभर वही ठेवावी. दुखण्याला दहापैकी गुण द्यावेतच, पण त्यापुढे एखादे रोजचे काम लिहावे: दादरचा पूल न थांबता चढता आला का, बोरिवलीपर्यंत उभ्याने प्रवास झाला का, रात्री किती वेळा जाग आली. पुढे तीच नोंद मात्रा आणि वेळेसह चालू ठेवावी. सहा-आठ आठवड्यांत दुखणे सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले नाही आणि ते कामही सोपे झाले नाही, तर वैद्यांना विचारून औषध थांबवावे. नुसती झोप चांगली लागते म्हणून ते वर्षानुवर्षे रेटू नये. रोजच्या वापराने शरीराला सवय लागते आणि थांबवल्यावर काही दिवस झोपमोड व चिडचिड होते. आधीच्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने सोडणे तर त्याहून धोक्याचे आहे.

अंमल असेपर्यंत स्कूटर किंवा गाडी चालवू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूबरोबर अमली पदार्थही येतात. जहाजावर किंवा विमानात नोकरी असणाऱ्यांनी हे औषध सुरूच करण्यापूर्वी विचार करावा, कारण लघवीच्या चाचणीत टीएचसी उतरते आणि चिठ्ठी दाखवून नोकरी वाचेलच असे नाही. बाहेर जाताना मूळ बाटली, चिठ्ठी आणि बिल एकत्र ठेवावे. परदेशी जाताना ती बाटली घरीच राहू द्यावी, विशेषतः सिंगापूर किंवा दुबईला. आणि बँकॉकच्या दुकानांत गांजा दिसतो म्हणून तिथून काही आणू नये, मुंबई विमानतळावर ते थेट एनडीपीएसचे प्रकरण होते.

बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलपात ठेवावी. मात्रा जास्त झालीच तर छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, मन घाबरे होते. अशा वेळी आडवे व्हावे, पाणी घ्यावे, कोणाला तरी जवळ बसवावे आणि पुढची मात्रा घेऊ नये. छातीत दुखू लागले, शुद्ध हरपत चालली, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा मुलाने चुकून औषध प्यायले, तर 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. अपघात विभागात बाटली सोबत न्यावी आणि काय, किती व कधी घेतले ते न लपवता सांगावे.