आई-वडिलांची फाइल मोबाइलवर कशी आणावी आणि डॉक्टरांपर्यंत कशी पोचवावी

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अडीच वाजता बाबांच्या छातीत दुखायला लागलं. कोथरूडच्या घरातून रिक्षाने जवळच्या रुग्णालयात पोचलो. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "जुना ईसीजी आहे का?" होता. दोन वर्षांपूर्वीचा, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेला. आईने तो बाहेर काढला, तर कागद पांढराफटक. रेघ उडून गेली होती.

बाबांच्या ईसीजीत डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विजेच्या संदेशांच्या वाटेतला अडथळा, दिसत होता. तो नवा असेल तर हार्ट अटॅकची शंका घ्यावी लागते, जुना असेल तर गोष्ट वेगळी. सांगायला कागदच नव्हता, म्हणून बाबांना दोन रात्री आयसीयूत ठेवावं लागलं. ब्लॉक जुनाच होता, हे नंतर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडच्या नोंदीवरून कळलं. त्यानंतरच्या रविवारी मी फाइल घेऊन बसले. तो रविवार आणि पुढचे काही दिवस मी जे केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी उडणारे कागद

सगळी फाइल एका बैठकीत स्कॅन करायला जाऊ नका, कंटाळून अर्ध्यात सोडाल. सुरुवात ईसीजीपासून करा. बरेचसे ईसीजी थर्मल कागदावर निघतात. उष्णता, उजेड आणि प्लॅस्टिकचं कव्हर यांनी ते फिके होतात. म्हणजे आपण जपायला म्हणून जे करतो, त्यानेच ते लवकर जातात. सोनोग्राफीच्या छोट्या चित्रांचंही तेच. यांचे फोटो आजच काढा. कागद खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, चारही कोपरे आणि वरची तारीख दिसू द्या.

त्यानंतर डिस्चार्ज कार्डं, ऑपरेशनच्या नोंदी, बायोप्सीचे आणि टूडी इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) रिपोर्ट. त्यानंतर गेल्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट. सर्दी-खोकल्याच्या चिठ्ठ्या सोडून दिल्या तरी चालतील. एमआरआय किंवा सीटी स्कॅन असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, दुसऱ्या डॉक्टरांना प्रत्यक्ष चित्रं पाहायची असतात. ती सीडीत असतात आणि हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते. म्हणून स्कॅन सेंटरमध्ये पेनड्राइव्हवर किंवा लिंकवर चित्रं मागून घ्या.

फाइलला नाव देताना तारीख आधी, वर्षापासून: "२०२४-०७-१२ ईसीजी बाबा". म्हणजे मोबाइलमध्ये सगळं आपोआप क्रमाने लागतं.

एक पान

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा. तातडीच्या वेळी डॉक्टरांना चाळीस फाइली उघडायला सवड नसते. एका पानावर लिहा: नाव, वय, रक्तगट, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, कोणते आजार आणि कधीपासून, कोणती ऑपरेशनं, नेहमीचे डॉक्टर, घरच्या दोघांचे फोन. खाली चालू औषधांची यादी. त्यात ब्रँडच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव लिहाच, ते पाकिटावर छापलेलं असतं.

ही यादी करताना माझ्या लक्षात आलं, की बाबा टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचं औषध दोनदा घेत होते. दोन डॉक्टर, दोन ब्रँड, औषध तेच. सकाळी उठताना त्यांना चक्कर यायची, आम्ही ती वयावर ढकलत होतो. नेहमीच्या डॉक्टरांना यादी दाखवली, त्यांनी एक गोळी बंद केली. (मनाने कोणतीही गोळी बंद करू नका, यादी घेऊन डॉक्टरांकडेच जा.) रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती वेगळ्या रंगात लिहा, दाताच्या डॉक्टरांनाही ती माहीत असावी लागते. रक्ताच्या रिपोर्टमधला शेवटचा क्रिएटिनिनचा आकडाही तारखेसह लिहा. मूत्रपिंडं कशी चालताहेत ते त्यावरून कळतं आणि डाय (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून दिलं जाणारं औषध) देऊन सीटी स्कॅन करायच्या आधी तो विचारतात.

आता आभा

आभा म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खातं. ते ज्या सरकारी डिजिटल आरोग्य मिशनचा भाग आहे, त्याची घोषणा २०२० च्या स्वातंत्र्यदिनी झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर सुरू झालं. आभा क्रमांक १४ आकडी असतो, मोफत मिळतो आणि तो काढण्याची सक्ती नाही. पाच लाखांच्या विम्याचं आयुष्मान कार्ड ते वेगळं. या दोन्हींत फार गल्लत होते.

आभाच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा आभा अ‍ॅपमध्ये आधार क्रमांक टाका, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल, तो भरला की क्रमांक मिळतो. ज्येष्ठांचं घोडं बहुधा इथेच अडतं, कारण आधारला जुना, बंद पडलेला नंबर असतो. आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या. आणि "आभा काढून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

क्रमांक मिळाला म्हणजे जुने कागद आपोआप आत येत नाहीत. या व्यवस्थेत सगळ्यांच्या नोंदी एका मोठ्या सरकारी गोदामात साठवलेल्या नसतात. ज्या रुग्णालयाने किंवा लॅबने नोंद केली, तिथेच ती राहते आणि आभा तिच्यापर्यंत जायची वाट देते. म्हणून पुढच्या वेळी केसपेपर काढताना किंवा रक्त द्यायला जाताना खिडकीवर विचारा, "आभा जोडून देता का?" काही ठिकाणी ओपीडीत क्यूआर कोड लावलेला असतो. तो अ‍ॅपने स्कॅन केला की नाव-वय-पत्ता थेट नोंदणीत जातो आणि टोकन मिळतं. लहान दवाखान्यांत ही सोय नसेल, तर तुमचे स्कॅन डिजिलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी अ‍ॅपमध्ये ठेवा आणि तिथून दाखवा.

संमती देताना घाई नको

एखाद्या डॉक्टरांना तुमच्या नोंदी पाहायच्या असतील तर अ‍ॅपवर विनंती येते. कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या काळातल्या नोंदी, कधीपर्यंत पाहता येतील, हे तिथे लिहिलेलं असतं. "होय" दाबायच्या आधी ते वाचा. गुडघ्याच्या डॉक्टरांना दहा वर्षांपूर्वीचे मानसोपचाराचे कागद दाखवायचे की नाही, हे पेशंटने ठरवायचं. काळ आणि प्रकार कमी करता येतात, दिलेली संमती परतही घेता येते. आई-वडिलांचा फोन तुम्ही हाताळत असाल तर हा निर्णय त्यांना विचारून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्या ग्रुपात रिपोर्ट टाकायची सवय मात्र मोडाच. तिथून तो कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

कागद हरवला असेल तर? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

ते एक पान मी छापूनही ठेवलं आहे. एक प्रत फ्रिजच्या दारावर, एक बाबांच्या पाकिटात. रात्री फोनची बॅटरी संपलेली असू शकते. औषध बदललं की त्याच संध्याकाळी दोन्ही प्रती बदलते आणि खाली नवी तारीख घालते. परवा बाबांचा ईसीजी झाला, तेव्हा लॅबच्या पायऱ्या उतरायच्या आधीच त्यांनी स्वतः त्याचा फोटो काढला.