कंट्रोल लाइन विमानाचे इंजिन हवेत बिघडते तेव्हा

कंट्रोल लाइन विमान म्हणजे तारांना बांधून उडवणाऱ्याभोवती वर्तुळात फिरवले जाणारे इंजिनाचे मॉडेल. कसरतींसाठीच्या बहुतेक कंट्रोल लाइन (स्टंट) मॉडेलांना थ्रॉटल, म्हणजे उडताना इंजिनाचा वेग कमी-जास्त करण्याची सोय, नसतो. जमिनीवर नीडल व्हॉल्व्हने (इंधनाचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या सुईने) इंधन आणि हवेचे जे मिश्रण ठरवले जाते, त्यावरच टाकी रिकामी होईपर्यंत उड्डाण करावे लागते. त्यामुळे इंजिन हवेत कुरकुरले की उतरल्यावर हात आधी नीडलकडेच जातो. माझ्या मते तो तेथे सर्वांत शेवटी जावा, कारण नीडल फिरवल्याने मूळ दोष झाकला जातो आणि पुढच्या उड्डाणात वेगळ्या रूपात समोर येतो.

सुरुवात खात्रीच्या ग्लो प्लगने (तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणाऱ्या प्लगने) आणि ताज्या इंधनाने करावी. इंधनातील मिथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या, झाकण सैल राहिलेल्या डब्यातील इंधनावर विसंबू नये. सुरू करताना प्लगला जोडलेली १.५ व्होल्टची बॅटरी काढताच इंजिनाचे फेरे एकदम उतरले, तर प्लग जुना किंवा अयोग्य आहे, नाहीतर मिश्रण फार रिच (इंधन जास्त) आहे.

यानंतर टाकी तपासावी, कारण बहुतांश तक्रारींचे मूळ येथेच सापडते. सुमारे २० मीटरच्या तारांवर पाच-सव्वापाच सेकंदांत एक फेरी होत असेल, तर इंधन गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ तिप्पट जोराने वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूस फेकले जाते. म्हणूनच इंधन खेचणारी नळी टाकीच्या बाहेरच्या, मागच्या कोपऱ्यात असते. साध्या टाकीत इंधनाची पातळी बाहेर सरकत जाते, तसे मिश्रण हळूहळू लीन (इंधन कमी) होते. युनिफ्लो टाकीत हवा त्या नळीच्या तोंडाजवळच सोडली जात असल्याने हा फरक बराच कमी होतो. इंजिन सुरुवातीला नीट चालून शेवटच्या टप्प्यात अचानक लीन होत असेल, तर टाकीच्या आतील नळीला चीर किंवा डाग देताना राहिलेले छिद्र असण्याचा संशय घ्यावा. टाकी पाण्यात बुडवून, एक सोडून सर्व नळ्या बंद करून सिरिंजने हलका दाब दिला की बाहेरच्या सांध्यांची गळती बुडबुड्यांतून कळते. आतल्या नळीची चीर मात्र त्यातून दिसत नाही, त्यासाठी टाकी उघडावी किंवा बदलावी.

टाकीची उंची घड्याळाने ठरवावी. सरळ आणि उलट्या उड्डाणातील फेऱ्यांची वेळ मोजावी. उलटे उडताना विमान जलद जात असेल, म्हणजे इंजिन लीन होत असेल, तर टाकी चाकांच्या दिशेने खाली घ्यावी. संथ होत असेल तर वर घ्यावी. एका वेळी दीड मिलिमीटरपेक्षा जास्त बदल करू नये, आणि त्याच वेळी नीडलला हात लावू नये.

टाकी निर्दोष ठरली, तर इंधनाच्या नळीतील सुईएवढे छिद्र, तुंबलेला फिल्टर, सैल स्प्रे बार (इंजिनात इंधन सोडणारी नळी), मागच्या झाकणाचे गॅस्केट आणि इंजिनाचे बोल्ट पाहावेत. इंजिन गरम झाल्यावर काही फेऱ्यांनी दमत असेल, तर मिश्रण लीन आहे किंवा इंधनात मिसळलेले तेल कमी पडत आहे. फॉक्स ३५ सारख्या जुन्या इंजिनांना भरपूर एरंडेल लागते, २५ टक्क्यांच्याही पुढे. आधुनिक इंजिनांसाठीचे कमी तेलाचे इंधन त्यांना देऊ नये.

हे सर्व झाल्यावरच नीडल जुळवावी, तीही प्रॉपेलरच्या मागे उभे राहून. इंजिन पूर्ण गतीपर्यंत नेऊन मग नीडल थोडी उघडावी, जेणेकरून समतल उड्डाणात ते किंचित रिच राहील आणि नाक वर जाताच आपोआप जोर पकडेल.