गच्चीवर हिमनदीचं नवं तळं

हिमनदी मागे सरकली की खरवडलेल्या खडकाच्या खोलगटात पाणी साठतं. तिथे जुना गाळ नसतो, म्हणजे गाळात दडून राहिलेली जलजीवांची अंडीही नसतात. नेपाळमधलं इम्जा तळं १९५० च्या दशकात काही लहान डबक्यांपुरतं होतं. आज ते एक चौरस किलोमीटरहून मोठं आहे. अशा पाण्यातला प्रत्येक जीव बाहेरून येतो: वाऱ्याने, पक्ष्यांच्या पायाला चिकटून, त्यांच्या विष्ठेतून किंवा वरच्या तळ्यातून वाहत. पुण्यात हिमनदी नाही, पण हे सगळं चार टबांत पाहता येतं. जूनच्या सुरुवातीला मांडणी करा.

दहा लिटरचे चार फिकट रंगाचे टब घ्या. क्रश सँड धुऊन वीस मिनिटं उकळा आणि प्रत्येक टबात दोन सेंटिमीटरचा थर द्या. आपला बेसाल्ट दळून झालेली ही वाळू हिमनदीने घासलेल्या खडकाच्या जागी चालते. वर उकळून गार केलेलं सहा लिटर पाणी हळूच ओता. टब विटांवर ठेवा, नाहीतर फरशीवरचे शिंतोडे आत जातात. फक्त सकाळचं ऊन लागेल अशी जागा निवडा; पाणी ३५ अंशांच्या वर गेलं तर आतले जीव मरतात.

टब ‘अ’ पारदर्शक प्लॅस्टिकने घट्ट बांधा. मलमल पुरत नाही, कारण चक्रधरांची (रोटिफर, डोळ्यांना न दिसणारे जलजीव) वाळलेली अंडी मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास असतात. ‘ब’ उघडा ठेवा. हेच खरं नवं तळं. काठाखाली पाच सेंटिमीटरवर भोक पाडून कापड लावा, म्हणजे पावसाने तो ओसंडणार नाही. ‘क’ मध्ये उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्याच्या तळाची वरची दोन सेंटिमीटर माती, सावलीत दोन आठवडे वाळवून, दोन मोठे चमचे घाला आणि टब झाका. पाण्यातल्या पक्ष्याच्या पायाला असाच चिखल लागतो. माती ओळखीच्या शेतातून, विचारून घ्या. अभयारण्यातून किंवा किल्ल्यावरच्या टाक्यांतून नको. ‘ड’ मध्ये मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या मोइना जलपिसूची (वॉटर फ्ली, पाण्यातला इवलासा कवचधारी जीव) एकच मादी सोडा, टब झाका आणि आठवड्यातून एकदा पाण्यात कालवलेलं चिमूटभर यीस्ट द्या. पाणी गढूळ होईल इतकं यीस्ट पडलं तर ते कुजून प्राणवायू संपतो.

दर दोन दिवसांनी ड्रॉपरने पाणी काचेच्या वाटीत घ्या, खाली काळा कागद आणि बाजूने टॉर्च धरा. दहापट भिंग पुरतं. चक्रधरांसाठी मात्र सूक्ष्मदर्शक हवा.

सगळ्यात महत्त्वाचं ‘ड’ मध्ये दिसतं. जलपिसूच्या मादीला नर लागत नाही, त्यामुळे एकीपासून वस्ती उभी राहते. सायक्लॉप्सची (कोपेपॉड गटातला इवलासा कवचधारी जीव, नारूचा जंतू वाहणारा तोच) मादी एकदाच्या मीलनातलं वीर्य साठवते, तीही एकटीने तळं वसवू शकते. डायाप्टोमससारख्या दुसऱ्या कोपेपॉडना अंड्यांच्या प्रत्येक खेपेला नर लागतो. नव्या, विरळ वस्तीत तो भेटणं अवघड, म्हणून ते मागे पडतात. कोण आधी आला यावरच पुढे कोण टिकणार हे बरंचसं ठरतं.

‘क’ मध्ये काहीच फुटलं नाही तर बहुतेक वेळा अंडी वाळूखाली गाडली गेलेली असतात. अनेक जातींना उजेड लागतो. माती वाळूवर पसरा, मिसळू नका. हिमतळ्यात अडथळा वेगळा असतो: खडकाचं दुधाळ पीठ पाण्यात तरंगत असतं, त्याने गाळून खाणाऱ्या जलपिसूंचं अन्न विरळ होतं. हिमनदी तळ्यापासून सुटली, पाणी निवळलं की मगच त्यांचं जमतं. ‘अ’ मध्ये जीव दिसले तर उकळणं कमी पडलं किंवा बांधणी सैल राहिली. अशा वेळी बाकी टबांवरून निष्कर्ष काढू नका, मांडणी पुन्हा करा.

‘ब’ मध्ये डास हमखास येतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत आठवडा-दहा दिवसांत पोचतो, तेव्हा दर दुसऱ्या दिवशी चहाच्या गाळणीने अळ्या-कोष काढून कोरड्या उन्हात टाका. गप्पी मासे सोडू नका, ते जलपिसूही खातात. गावाला जाणार असाल तर ‘ब’ रिकामा करा. शेवटी चारही टबांचं पाणी झाडांच्या मातीत ओता, नदी-नाल्यात नको, आणि आतल्या भिंती ब्रशने घासा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटून महिनोन्महिने कोरडी टिकतात.