कॉलेज बास्केटबॉलचा बेस्ट पॉइंट गार्ड कोण? वाद घालताना या चुका टाळा

दरवर्षी मार्च आला, अमेरिकेतली कॉलेजांची मोठी टुर्नामेंट सुरू झाली की आमच्या ग्रुपवर हा वाद पेटतो आणि दरवर्षी दहाव्या मेसेजपर्यंत भलतीकडेच जातो. कोणीतरी अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचे टॉप पाच पॉइंट गार्ड (बॉल वर आणून टीमचा खेळ चालवणारे) म्हणून लिस्ट टाकतं, त्यात स्टेफ करी, ख्रिस पॉल, जॉन स्टॉकटन, स्टीव्ह नॅश, आणि वाचताक्षणी कळतं की ही कॉलेजची लिस्ट नाहीच, एनबीएची, म्हणजे प्रोफेशनल लीगची आहे, फक्त वरचं हेडिंग बदललंय.

सगळ्यात मोठी चूक हीच आणि बाकीच्या अर्ध्या चुका हिच्यातूनच निघतात. स्टॉकटन गोंझागाला चार वर्षं खेळला पण त्या चार वर्षांत टीम एकदाही एनसीएए टुर्नामेंटला (तीच ती मार्चमधली देशभरच्या कॉलेजांची नॉकआउट स्पर्धा) पोचली नाही. पॉल वेक फॉरेस्टला दोन वर्षं होता, फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीममध्ये, नाही. दोघं तेव्हाही भारीच होते, पण "पुढे काय झाला" आणि "कॉलेजात काय केलं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण दुसऱ्याचं उत्तर शोधतोय.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण म्हणजे बॉबी हर्ली. १९९०च्या फायनलमध्ये लास वेगासच्या यूएनएलव्ही कॉलेजने हर्लीच्या ड्यूकला १०३-७३ असं धुतलं, तेव्हा तो फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला होता. पुढच्याच वर्षी सेमीफायनलला परत तीच यूएनएलव्ही समोर, त्या सीझनला एकही मॅच न हरलेली, आणि शेवटची साधारण सव्वादोन मिनिटं उरलेली असताना ड्यूक ७६-७१ असं मागे. पुढचा एक बास्केट जरी यूएनएलव्हीला मिळाला असता तरी खेळ खल्लास होता. तिथे हर्लीने न कचरता थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारला, ७६-७४. ड्यूकने ती मॅच ७९-७७ने काढली, दोन दिवसांनी टायटल घेतलं, १९९२ला पुन्हा घेतलं आणि त्या दुसऱ्या वेळी फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू हर्लीच होता. १९९३ला बाहेर पडला तेव्हा नावावर १,०७६ असिस्ट (ज्यावरून बास्केट होतो ते पास), तो रेकॉर्ड त्यानंतर ३० वर्षं तरी कोणाच्या हाताला लागला नाही. मग एनबीएच्या पहिल्याच सीझनमध्ये, डिसेंबर १९९३ला, भयंकर कार अॅक्सिडेंट, जीव वाचला पण करिअर कधी उभंच राहिलं नाही. आता एनबीएच्या चष्म्यातून बघितलं तर हा माणूस लिस्टमधून गायबच होतो ना राव! माझ्या मते पुरुषांमध्ये एक नंबर तोच.

मिशिगन स्टेटच्या मतीन क्लीव्ह्जचंही तसंच. २०००ची फायनल, मिशिगन स्टेट विरुद्ध फ्लोरिडा, सेकंड हाफमध्ये त्याचा घोटा जबरदस्त मुरगळला, त्याला धरून बाहेर न्यावं लागलं, आणि काही मिनिटांत तो लंगडत परत कोर्टवर. स्वतः काही फार स्कोर करत नव्हता नंतर, पण टीम हलली नाही, ८९-७६ने जिंकले. एनबीएमध्ये त्याचं फारसं काही झालं नाही म्हणून आजच्या पोरांना नावसुद्धा माहीत नसतं. आणि उलट जेलन ब्रन्सन बघा, व्हिलानोव्हाला २०१६ आणि २०१८ अशी दोन टायटलं, २०१८चा देशातला प्लेअर ऑफ द इयर, आणि तरी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, ३३वा. पुढे एनबीएत न्यूयॉर्क निक्सकडून गाजायला लागला तेव्हा लोकांना त्याचं कॉलेज आठवलं. ते कॉलेज आधीपासून तेवढंच भारी होतं की!

करीवर परत येतो कारण इथे अजून एक चूक लपलीये, माणूस नक्की कोणत्या जागेवर खेळत होता हे न बघणं. २००८च्या टुर्नामेंटमध्ये करीच्या डेव्हिडसन कॉलेजने फायनल फोरच्या दारापर्यंत जायची जी कमाल केली त्यात करी मुख्यतः शूटर होता, बॉल वर आणायचं काम जेसन रिचर्ड्सचं, आणि त्या सीझनला अख्ख्या देशात असिस्टमध्ये पहिला तोच होता. कॅन्सासविरुद्धची शेवटची पझेशन (बॉल हातात असलेली खेळी) यूट्यूबवर परत बघा. ५९-५७, डेव्हिडसन मागे, बॉल करीकडे, त्याच्यावर डिफेन्स तुटून पडतो, तो रिचर्ड्सला देतो, रिचर्ड्स लांबून थ्री मारतो आणि चुकतो. फायनल फोर एका शॉटवरून गेलं. करी खऱ्या अर्थाने पॉइंट गार्ड झाला तो त्याच्या पुढच्या, तिसऱ्या वर्षी. त्यामुळे त्याला कॉलेजचा ग्रेट खेळाडू म्हणा, शंभर टक्के, पण २००८च्या जोरावर ग्रेट पॉइंट गार्ड म्हणू नका, रिचर्ड्सवर अन्याय होतो.

आकडे टाकताना तर फारच घोळ होतो. असिस्टची टेबलं काढून कोण पहिला कोण दुसरा असं ठरवतात पण एनसीएएने पुरुषांचे असिस्ट नियमित ऑफिशियली मोजायला सुरुवात केली १९८३-८४पासून, म्हणजे मॅजिक जॉन्सन, आयझया थॉमस, फिल फोर्ड हे सगळे त्याआधीचे. शिवाय १९७२-७३च्या आधी फ्रेशमन मुलांना मेन टीमकडून खेळताच येत नव्हतं, त्यामुळे ऑस्कर रॉबर्टसन किंवा पीट मॅराविचच्या नावावर तीनच सीझन. शॉट क्लॉक (ठराविक सेकंदांत शॉट मारायचं बंधन) आला १९८५-८६ला, थ्री-पॉइंट लाइन त्याच्या पुढच्या सीझनला. फोर्डचं तर बघाच, नॉर्थ कॅरोलायना पुढे असली की कोच डीन स्मिथ "फोर कॉर्नर्स" लावायचे, चार जण चार कोपऱ्यांत आणि मध्ये एकटा फोर्ड ड्रिबल करत घड्याळ संपवतोय, समोरच्यांनी अंगावर यावं तर हा सुटतो, नाही यावं तर वेळ जातो. पॉइंट गार्डच्या हातात इतकी सत्ता परत क्वचितच आली असेल, आणि ती कुठल्याच टेबलात दिसत नाही. तेव्हा जुन्यांचे आकडे नव्यांशी थेट लावू नका, त्याच काळातल्या लोकांशी लावा.

फक्त टायटल मोजणं ही पण चूकच. फोर्डकडे टायटल नाही. जमीर नेल्सनकडे नाही, पण २००४ला सेंट जोसेफ्ससारखं छोटं कॉलेज रेग्युलर सीझनमध्ये २७-० गेलं ते त्याच्यामुळे, आणि एलिट एटला, म्हणजे शेवटच्या आठात, दोन पॉइंटने हरले म्हणून त्याचं नाव खोडायचं का? तसंच ट्रे यंग, २०१७-१८ला पॉइंट आणि असिस्ट दोन्हींत देशात पहिला, असं आधी कोणीच केलं नव्हतं, पण ओक्लाहोमा पहिल्याच राऊंडला घरी. त्यामुळे आधीच ठरवा, एका सीझनबद्दल बोलताय की पूर्ण कॉलेज करिअरबद्दल. वाद अडकला की मी हाच प्रश्न विचारतो आणि बऱ्याचदा दिसतं की दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत होते.

आणि मुलींना लिस्टमधून वगळू नका प्लीज. हे मला मनापासून खटकतं. पेन स्टेटच्या सुझी मॅकॉनेलचे १,३०७ असिस्ट आहेत, हर्लीपेक्षा दोनशेच्या वर जास्त. केटलिन क्लार्कने २०२४ला मॅराविचचे कॉलेजमधले ३,६६७ पॉइंट मागे टाकले, तेही हजारावर असिस्ट देत. (हो, मॅराविचने ते ८३ मॅचमध्ये आणि थ्री-पॉइंट लाइन नसताना केले, हेही त्याच वाक्यात सांगा, दोघांचा मान राहतो.) आणि ओरेगनची सब्रिना आयोनेस्कू, २४ फेब्रुवारी २०२०, सकाळी लॉस एंजेलिसला कोबी ब्रायंटच्या श्रद्धांजली सभेत बोलली, संध्याकाळी स्टॅनफर्डविरुद्ध खेळायला उभी राहिली आणि त्याच मॅचमध्ये २,००० पॉइंट, १,००० रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), १,००० असिस्ट पूर्ण करणारी पहिली कॉलेज खेळाडू झाली, पुरुष धरूनही पहिली. काही आठवड्यांत कोविडमुळे टुर्नामेंटच रद्द. टायटल नाही म्हणून तिला खाली ढकलणाऱ्याला मी एवढंच विचारतो, खेळायलाच मिळालं नाही ती मॅच ती हरली कुठे?

माझी आजची लिस्ट: हर्ली, आयोनेस्कू, मॅजिक, फोर्ड, क्लीव्ह्ज. मॅजिक दोनच वर्षं होता पण १९७९ला लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटला ७५-६४ने हरवलं ती फायनल बघितली की त्याला बाहेर ठेवायचा धीर होत नाही. क्लीव्ह्जच्या जागी आयझया थॉमस किंवा क्लार्क टाकणाऱ्यांशी बोलायला मी तयार आहे, फक्त वादात एनबीए आणू नका.